माळावरची घंटी

सायकल आवाज करत नाही, हा तिचा मोठा गुण मानला जातो, आणि शहरात तो आहेही. पण जालना एमआयडीसीतली शेवटची शेड मागे पडून मुरमाची वाट सुरू झाली, दोन्ही अंगांना वेड्या बाभळी दाटू लागल्या, की तोच गुण अंगाशी येतो. पायी चालणाऱ्याच्या चपलांची खरखर जनावराला लांबून कळते. मोटारसायकलची फटफट तर शिवारभर ऐकू जाते. सायकल मात्र चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने येते आणि चाहूल जवळजवळ देत नाही. माणूस येतोय हे कळलं की बहुतेक जनावरं बाजूला होतात. त्यासाठी त्यांना थोडा वेळ लागतो आणि सायकल नेमका तोच वेळ त्यांना देत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की या वाटांवर सायकलस्वाराला जो धोका आहे तो जनावराच्या क्रौर्यातून क्वचितच येतो. तो येतो अवचित समोरासमोर येण्यातून, आणि त्याहून जास्त, वसाहतीच्या कडेला आपणच टाकलेल्या खरकट्यातून. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

जालना म्हटलं की सळई आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको या बियाणे कंपनीची स्थापना इथेच केली, आणि पुढे रोलिंग मिलनी या शहराला पोलादाचं गाव केलं. भट्ट्या रात्री विझत नाहीत, त्यामुळे पाळ्याही रात्रंदिवस चालतात. पाळीला सायकलवर येणारा कामगार आणि तब्येतीसाठी पहाटे सायकल काढणारा नोकरदार, दोघेही वाटेवर असतात ते तांबडं फुटताना किंवा दिवेलागणीच्या सुमारास. जनावरांच्या चरण्या-फिरण्याच्या वेळाही याच. जिल्ह्यात जंगल नावापुरतं आहे, मग जनावरं आली कुठून, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण काळवीट, लांडगा, खोकड ही मुळात दाट झाडीची जनावरं नाहीत. उघडा गवताळ माळ हेच त्यांचं घर. सरकारी दप्तरात अशा माळांची नोंद बहुतेकदा ‘पडीक’ म्हणून होते, आणि पडीक म्हणजे रिकामं, असं आपण धरून चालतो. त्या माळावर भूखंड पडले, बाजूला मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या, शेततळी खोदली गेली, समृद्धी महामार्गाच्या भिंतींनी शिवारं दुभंगली. जनावरं मात्र गेली नाहीत. नाल्यातल्या बाभळींत दिवस काढायचा आणि अंधार पडला की पाण्याकडे व पिकाकडे सरकायचं, हा त्यांचा दिनक्रम झाला. उन्हाळ्यात घाणेवाडीच्या तलावासारखं भरवशाचं पाणी जिथे असेल तिकडे त्यांच्या वाटा वळतात. सायकलची वाट या वाटांना कुठे ना कुठे छेदतेच.

वेगाचं गणित एकदा मांडून पाहू. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे सरकते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर येईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. सुट्या मुरमावर चाक घसरतं, त्यामुळे थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. म्हणजे जनावर दिसल्यापासून सायकल थांबेपर्यंत दहा-अकरा मीटर गेले. उतारावर वेग ३० वर गेला तर हेच अंतर वीस मीटरच्या घरात जातं, आणि १२ वर आणला तर पाच मीटरवर येतं. आता बाभळींमधलं वळण डोळ्यांपुढे आणा, जिथे पुढचं दहा-बारा मीटरच दिसतं. २० च्या वेगाने तिथे कशीबशी वेळ निभते, ३० ने निभत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ, जून २०१६ मध्ये एका सायकलस्वाराची वळणावर थेट ग्रिझली अस्वलाशी टक्कर झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. चौकशीत दिसलं, की अस्वल दिसल्यापासून टकरीपर्यंत त्याला फार तर एक-दोन सेकंद मिळाले होते. वेग आणि आवाजाचा अभाव, बोट ठेवलं गेलं ते यावर. आपल्याकडे ग्रिझली नाही, पण एक-दोन सेकंदांचा हिशेब इथल्या वळणावरही बदलत नाही.

आपल्या माळावर अशी गाठ पडण्याची शक्यता सर्वात जास्त कोणाशी? माझ्या मते रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकराशी. रोह्याचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. तो हल्ला करत नाही, पण बिचकला की वाट फुटेल तिकडे सुटतो आणि त्याच्या धावेत सायकल आली तर माणूस चेंडूसारखा उडतो. डुकराची गोष्ट वेगळी. मक्याच्या किंवा उसाच्या रानातून निघालेली मादी पिलांसह वाट ओलांडत असेल आणि सायकल तिच्या व पिलांच्या मधे घुसली, तर ती मागे हटत नाही. तिचा घाव मांडी-पोटरीवर बसतो आणि खोल जातो. काळवीट उंच उड्या घेत लांब पळतं. तरस आणि कोल्हा दिसले तरी पाठमोरे दिसतात. घोरपड किंवा मुंगूस चाकाखाली येऊ नये एवढीच काळजी घ्यायची.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लांडग्याचं काय? बिबट्याचं काय? उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात २०२४ मध्ये लांडग्यांनी मुलं उचलली, पुणे जिल्ह्यात जुन्नरकडे बिबट्याने माणसं मारली, हे खरं आहे. पण या घटना नीट पाहिल्या तर बळी बहुतेक करून लहान मुलं, उघड्यावर झोपलेली किंवा शेतात ओणवं बसून काम करणारी माणसं आहेत. ताठ बसलेला, चालता प्रौढ सायकलस्वार या जनावरांच्या भक्ष्याच्या आकारात बसत नाही. मराठवाड्यातला लांडगा धनगराच्या वाड्याभोवती घोटाळतो तो शेळ्या-मेंढ्यांसाठी. याहून बोलका दाखला शेजारच्या जिल्ह्यातला आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ शेतं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा माग निघाला, तो एकूण सुमारे ३००० किलोमीटरचा. वाटेत गावंच्या गावं लागली असतील, तरी तो दिवसा झुडपात दडून आणि रात्री चालून पार झाला. वाघासारखं जनावर माणसाला एवढं टाळत असेल, तर खोकडाची किंवा लांडग्याची धास्ती घेऊन सायकल घरात ठेवण्याचं कारण उरत नाही. अपवाद एकच. कोल्हा किंवा लांडगा भर दिवसा, न बिचकता, सरळ माणसाकडे येत असेल तर तो पिसाळलेला असू शकतो. तिथून निघून जायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

पिसाळण्याचा विषय निघाला की खऱ्या धोक्यापाशी येतो आपण, आणि तो वन्यप्राणी नाहीच. वसाहतीच्या कडेला ढाबे आहेत, कॅन्टीन आहेत, कोंबडीची दुकानं आहेत. त्यांचं खरकटं आणि आतडी-पिसं नाल्याकाठी पडतात आणि त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. फिरतं चाक दिसलं की कुत्रा मागे धावतो, ती त्याची उपजत खोड. सायकलस्वार घाबरून जोरात पायडल मारतो, मागे वळून पाहतो आणि पडतो, नाहीतर पोटरीला चावा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात आणि त्यातले बहुतेक कुत्र्याच्या चाव्याने. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावा बसताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं ही पहिली गोष्ट. पंधरा म्हणजे खरोखर घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरचीपूड जखमेत भरायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यायची, जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, आणि लसीची एकही तारीख चुकवायची नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. वनखात्याच्या या भरपाईच्या यादीत भटका कुत्रा नाही, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

कुत्र्यांच्या या टोळ्या माळावरच्या जनावरांनाही जगू देत नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नज भागात खोकड आणि कुत्रे यांचा अभ्यास झाला, तेव्हा कुत्र्याचा वावर असेल तिथे चरणं-शिकार खोकडं टाळतात असं दिसलं. काळविटाची पाडसं, ससे यांच्यामागे कुत्रे लागतात आणि पिसाळीचा रोग कुत्र्याकडून कोल्ह्या-लांडग्यांत जातो. म्हणजे खरकट्याचा ढीग उचलला तर सायकलस्वार आणि खोकड दोघांचंही भलं होतं. कारखानदार संघटना आणि महानगरपालिका-ग्रामपंचायती यांनी झाकणाचे हौद ठेवून ते रोज रिकामे करावेत आणि कुत्र्यांची नसबंदी-लसीकरणाची मोहीम नेमाने चालवावी. एवढ्यावर काम भागतं, बिबट्यांचे पिंजरे मागण्याची पाळी येत नाही.

सापांबद्दल थोडक्यात. देशात सर्पदंशाने वर्षाला सुमारे ५८,००० माणसं मरतात असा अंदाज आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या संध्याकाळी घोणस वाटेच्या उबदार मुरमावर पडून असते. ती दिसली तर तिच्यावर चाक घालू नये. चिरडलेली घोणस तडफडत पायाला चावू शकते. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, याच जालना जिल्ह्यातले. गावातल्या मांत्रिकाकडे जाणारा रुग्ण दवाखान्यात आणला पाहिजे, यासाठी त्यांची हयात गेली. साप चावला तर आवळपट्टी न बांधता, पाय न हलवता, १०८ ला फोन करून रुग्णालयात पोचणं हाच उपाय.

शेतकरी विचारील, रोही आणि डुकरं आमचं पीक रात्रीत झोपवतात, आणि तुम्ही त्यांना घंटी वाजवून वाट द्या म्हणता? त्याचा राग रास्त आहे आणि त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. पण बिचकलेला कळप पिकात आणखी उधळतो. लांबून चाहूल मिळालेला कळप निवांत सरकून जातो, आणि त्यात शेतकऱ्याचाही तोटा कमीच होतो. दुसरा प्रश्न निसर्गप्रेमींचा: घंटीने माळाची शांतता मोडत नाही का? वाटेवरच्या एका वळणाला दोन टण्टण् पुरतात, मोबाइलवर गाणी लावून जाण्याची गरज नाही. आणि गाण्यांमुळे स्वतःचेच कान बंद होतात, ते वेगळंच.

तर वळणाच्या आधी वेग १२ वर आणायचा आणि घंटी वाजवायची. दिवेलागणीनंतर पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावायचा, कारण त्या उजेडावरून ट्रकचालक माणूस ओळखतो. कुत्रा मागे लागला तर पळायचं नाही. उतरायचं, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरायची आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू चालायचं. डुकरीण पिलांसह दिसली तर आलो तिकडे मागे फिरायचं. रोही वाट ओलांडत असेल तर तो पलीकडे गेला म्हणून लगेच पायडल मारायचं नाही, कारण रोही एकटा क्वचित असतो. बाभळीत दुसरा उभा असतो, कान टवकारून. तो गेला की तिसऱ्याची वाट पाहायची, आणि बाभळीची फांदी हलायची थांबली की मग निघायचं.