सात दिवसांचा सराव – लेखांक ६ : उतरणीची तालीम

रविवारच्या लांब पल्ल्याबद्दल लिहीन असं मागच्या आठवड्यात म्हटलं होतं. तो लेख निम्मा लिहूनही झाला होता. पण मध्येच ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि रविवार एक आठवडा पुढे गेला. शनिवारचा सिंहगड मी दुसऱ्या लेखांकात एका ओळीत उरकला होता, ते बरोबर झालं नाही हे या पत्राने दाखवून दिलं.

हे गृहस्थ सायकलवाले आहेत. जानेवारीत त्यांनी ३०० किलोमीटरची बीआरएम साडेसतरा तासांत पुरी केली. मुदत वीस तासांची असते, म्हणजे अडीच तास हातात राखून. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर ते सिंहगडावर गेले. आतकरवाडीच्या वाटेने चढताना सगळ्यांच्या पुढे होते, वर पिठलं-भाकरी झाली, उतरलेही झपाझप. त्या रात्री काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांड्या भरून यायला लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावरून फलाटावर उतरताना कठडा धरून, तिरकं होऊन, एकेक पायरी उतरावी लागली. डोळ्यांदेखत लोकल गेली. त्यांचा प्रश्न सरळ आहे : तीनशे किलोमीटर पायडल मारणाऱ्या मांड्यांना पावणेतीन किलोमीटरची वाट एवढी जड का व्हावी? साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय, सात आठवडे उरलेत. तर सरावात चुकतंय कुठे?

चुकत काही नाही. पण सायकलने त्यांना एक गोष्ट शिकवलेली नाही, कारण सायकलवर ती करावीच लागत नाही. पायडल दाबताना मांडीचा स्नायू आखडत आखडत जोर लावतो. पायडल खाली गेलं की त्याचं काम संपलं. दिवसभर, रात्रभर तो हेच एक काम करतो. गड उतरताना याच्या उलट घडतं. पाऊल खाली टेकतं, गुडघा वाकतो, अंगाचा सगळा भार मांडीवर येतो आणि तो भार धरून ठेवत असतानाच स्नायू लांब होत जातो. विहिरीवर पाणी शेंदलेल्यांना हे लगेच कळेल. भरलेला पोहरा वर ओढताना दंड थकतात. तोच भरलेला पोहरा धक्का न लावता सावकाश खाली सोडायचा म्हटलं तर तळहात सोलून निघतात. उतरणीवर मांडीला हे पोहरा सोडण्याचं काम हजारो वेळा करावं लागतं.

यातली फसगत अशी, की हे काम करताना दम लागत नाही. यावर १९५२ साली लंडनमध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघा शरीरशास्त्रज्ञांनी दोन सायकली जागेवर पक्क्या करून पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि साखळीने एकमेकींना जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं. दुसऱ्याची पायडलं त्यामुळे उलटी फिरणार, ती त्याने पायाने रोखून धरायची. दोघांच्या पायांवरचा जोर तेवढाच, वेगही तोच. श्वास मोजले तेव्हा दिसलं, की रोखणाऱ्याला मारणाऱ्याच्या मानाने प्राणवायू कितीतरी कमी लागतो. रॉयल सोसायटीत त्यांनी हे सगळ्यांसमोर करून दाखवलं : एक लहानखुरी बाई रोखायला, एक धट्टाकट्टा पुरुष मारायला. थोड्याच वेळात पुरुष घामाघूम होऊन थकला, बाई आरामात होती.

याचं कारण, तेवढाच जोर धरायला लांबणाऱ्या स्नायूला कमी तंतू कामाला लावावे लागतात. तंतू कमी म्हणून प्राणवायू कमी, म्हणून छाती शांत. पण तंतू कमी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ओढ जास्त. नवख्या मांडीतले काही तंतू या ओढीने आतल्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत असे विस्कटतात. मग शरीर दुरुस्तीला लागतं, सूज येते, आणि दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. आपल्या वाचकाची लोकल नेमकी त्याच वेळी चुकली.

हे दुखणं लॅक्टिक ॲसिडचं, असं अजूनही मैदानावर छातीठोक सांगितलं जातं. ते तसं नाही. जोराच्या पळण्यात रक्तात वाढलेलं लॅक्टेट विश्रांती घेतली की तास-दीड तासात ओसरतं. परवा सकाळपर्यंत वाट पाहत बसत नाही. काम चालू असतानाची आग वेगळी आणि दुसऱ्या दिवशीचा ठणका वेगळा, हा भेद थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडला होता.

आणखी एक गोष्ट या गडाशी नेमकी जुळते. आल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या चढ-उतारांवर चालायला-पळायला किती ऊर्जा लागते ते मोजलं. पळायला सगळ्यात स्वस्त उतार निघाला वीस टक्क्यांच्या आसपासचा. त्याहून तीव्र झाला की खर्च पुन्हा वाढतो. आता आतकरवाडीची वाट बघा : पावणेतीन किलोमीटरमध्ये अदमासे पाच-सहाशे मीटर. म्हणजे सरासरीने तोच उतार. छातीला जो सगळ्यात सोपा, तोच आपल्या रोजच्या गडाचा उतार आहे, आणि म्हणूनच तिथून सुसाट खाली येणाऱ्या नव्या पोरांना आपण काय करतोय याचा पत्ता लागत नाही.

मला स्वतःला हे साताऱ्याने शिकवलं. तिथे शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. पहिल्या वर्षी मी चार महिने फक्त चढ घोटवले होते. वेताळ टेकडीवर दहा-दहा वेळा वर पळत जायचो आणि प्रत्येक वेळी खाली मात्र सावकाश चालत यायचो, विश्रांती म्हणून. साताऱ्यात वळणापर्यंत मी मजेत होतो. परतीला घाट लागला, पाय मोकळे सोडले, तीन-चार किलोमीटर वाऱ्यासारखा गेलो. सतराव्या किलोमीटरच्या सुमारास मांड्या थरथरायला लागल्या. दम होता, पोटात पाणी होतं, डोकं ताजं होतं. फक्त पाऊल टेकलं की गुडघा मला न विचारता वाकत होता. चढावर ज्यांना मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे गेले. त्या दिवसापासून मी टेकडीवरून चालत उतरणं बंद केलं.

मोठ्या शर्यतींचे जाणकार हे केव्हापासून सांगतात. बोस्टन मॅरेथॉनची सुरुवात शेवटापेक्षा सुमारे १४० मीटर उंच आहे. २०११ मध्ये जेफ्री मुताईने तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांची वेळ दिली, ती तोवरची सगळ्यात वेगवान होती. पण मार्ग एकाच दिशेचा आणि उतरता म्हणून जागतिक विक्रमात धरली गेली नाही. मात्र हाच उतार हौशी धावणाऱ्यांचा घात करतो. पहिले काही किलोमीटर फुकटात मिळाल्यासारखे वाटतात आणि त्याची वसुली न्यूटनच्या टेकड्यांवर होते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासूनची. साधारण नव्वद किलोमीटर, आणि सहसा एक वर्ष डरबनहून पीटरमारित्झबर्गला वर, तर दुसऱ्या वर्षी तिथून खाली समुद्राकडे. दोन्ही करून आलेल्या ज्या मंडळींशी मी बोललो, त्यांनी दम काढणारं वर्ष चढाचं सांगितलं आणि पाय मोडणारं उताराचं. उताराच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात फील्ड्स हिल नावाची लांबच लांब उतरण आहे. तिचं नाव काढलं की त्यांचा हात आपसूक मांडीवर जातो.

आपल्याकडे गड चढण्याच्या गोष्टी पुष्कळ. उतरण्याची म्हणून लोकांच्या तोंडी असलेली एकच, हिरकणीची. ती आपण आईच्या धाडसाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण मला तिच्यात रोज डोईवर दूध घेऊन गड चढणारी-उतरणारी बाईही दिसते. तिचे पाय त्या रात्रीपुरते तयार झालेले नव्हते.

अशी एक बाई मी दर शनिवारी पाहतो. गडावर दही-ताक विकणाऱ्या एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. एकदा मी उतरत होतो आणि त्या काही सामान राहिलं म्हणून खाली निघाल्या होत्या. डोईवर रिकामी पाटी, पायात रबरी चपला. मी हट्टाने त्यांच्या मागे राहिलो. त्यांचं पाऊल वीतभर पुढे पडायचं, त्याहून जास्त नाही. गुडघा एकदाही ताठ झाला नाही. पाय शरीराच्या खाली टेकायचा, पुढे फेकलेला नसायचा. पायरी उंच असली की अंग किंचित आडवं, आणि नजर पायाशी नाही, तीन-चार पावलं पुढे. पाटी हलत नव्हती. मी मागून धाडधाड येत होतो, त्या आवाजानेच त्या वळल्या असाव्यात. म्हणाल्या, “पाय आपटायचा नाही दादा, ठेवायचा.”

गेल्या सोळा वर्षांत उतरण्यावर मी जे वाचलं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यात बसतं. आपण भीतीने मागे रेलतो, टाच पुढे रोवतो, प्रत्येक पावलाला ब्रेक मारतो, आणि तो ब्रेक गुडघ्याला बसतो. अंग उताराला काटकोनात ठेवावं, पावलं लहान आणि भरभर, हात थोडे बाजूला. पावसाळ्यात मात्र हे सगळं बाजूला ठेवून चालावं. हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडावर शेवाळ धरलं की तिथे कौशल्य चालत नाही. गवताच्या कडेने, मुरमावरून, काठी टेकत यावं.

बुटाचंही सांगून ठेवतो, कारण दर हंगामात कुणाचं तरी अंगठ्याचं नख काळं पडतं. बुटाला घोट्याजवळ एक जादा भोक असतं, बहुतेकांनी त्यात कधी नाडी ओवलेली नसते. त्या भोकातून नाडी त्याच बाजूला आत घ्या, छोटा फास ठेवा, समोरच्या बाजूचं टोक त्या फासातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच बुटात घट्ट बसते आणि उतरताना बोटं पुढे जाऊन आपटत नाहीत. नखं दोन दिवस आधी कापावीत, त्याच सकाळी नको.

आता ठाण्याच्या वाचकांसाठी. चांगली बातमी अशी, की या दुखण्याची लस त्या दुखण्यातच आहे. एकदा उतरणीने मांड्या भरल्या आणि बऱ्या झाल्या की पुढचे काही आठवडे तशाच उतरणीने त्या तेवढ्या भरत नाहीत. तालमीत हे कुणी मोजून दाखवलेलं नसेल, पण माहीत सगळ्यांना आहे. पहिल्या दिवशी शंभर बैठका मारल्या की तिसऱ्या दिवशी पोराला खाली बसवत नाही. वस्ताद त्याला घरी न पाठवता थोड्या बैठका मारायला लावतो. पंधरा दिवसांनी तोच पोरगा दोनशे मारतो आणि सकाळी पुन्हा हजर असतो. बैठकीत खाली जाताना मांडी जे करते तेच उतरणीवर करते.

म्हणून गड त्या एका ठणक्यासाठी सोडू नका. पहिले दोन आठवडे बुधवारी जिना किंवा जवळची टेकडी, फक्त उतरायला : सहा-आठ मिनिटांची उतरण, सावकाश, मावशींच्या पावलाने. सोबत घरी बैठका, खाली जाताना चार आकडे मोजत. तिसऱ्या आठवड्यापासून एक आठवडा सोडून शनिवारी सिंहगड, आणि त्या आठवड्याचा रविवार पळण्याचा नाही, सायकलचा. सायकल इथे कामाला येते, कारण ती पाय फिरते ठेवते आणि दुखऱ्या तंतूंना ओढत नाही. सोमवारी पोहायला जा, पाण्यात मांड्या हलक्या होतात. ठणका असताना वेगाची पळापळ नको. गुडघ्यात, म्हणजे वाटीच्या आसपास किंवा सांध्याच्या आत एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, तर मात्र ते मांडी भरणं नव्हे. तिथे थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

या हिशेबाने तुमचा तिसरा आणि शेवटचा सिंहगड सातव्या आठवड्याच्या शनिवारी, शर्यतीच्या तोंडावर पडेल. तो तेवढा दोन आठवडे अलीकडे घ्या, पाचव्याला जोडून. शर्यतीला दोन-तीन आठवडे असताना एकदा मनसोक्त उतरून घ्यायचं, मग पायांना मुरायला वेळ द्यायचा. शेवटच्या आठवड्यात उतारच नको. साताऱ्यात परतीचा घाट सुरू झाला की पहिला किलोमीटर जाणूनबुजून हात आखडता ठेवा. माझ्या मांड्या तिथेच गेल्या होत्या.

रविवारचा निम्मा लेख मेजावर तसाच आहे. त्यात मीठ, पाणी आणि पहाटे साडेचारचा चहा हे सगळं यायचंय. नगरच्या एका ताईंनी उपवासाच्या दिवशी लांब पळावं का असं विचारलंय, तेही त्यातच घेतो.