एका पेपरला चार मिनिटं

पुतण्या भिलाईत इंजिनिअरिंगला आहे. "आमच्या मॅडम क्लास टेस्टच्या पेपरवर शेऱ्याऐवजी प्रश्न लिहितात," असं तो सहज बोलून गेला. त्या मॅडमना पेपर तपासताना पाहायचंच, असं मी तेव्हाच ठरवलं.

शहर पोलादाचं. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. 2005 साली तांत्रिक विद्यापीठ आलं, 2016 साली आयआयटी. मॅडमचे वडील कारखान्यातलेच. घरात मराठी, वर्गात हिंदी, पेपर इंग्रजीत.

टेबलावर 60 पेपरांचा गठ्ठा. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं त्या तपासतात.

एका उत्तरापाशी त्या थांबल्या. 6 मीटरचा बीम, दोन्ही टोकांना आधार, डावीकडून 2 मीटरवर 30 किलोन्यूटनचा भार. डाव्या आधारावर 20 यायला हवेत, उजव्यावर 10. मुलानं उलटं लिहिलं होतं. तरी बेंडिंग मोमेंटची आकृती अगदी पुस्तकातल्यासारखी, दोन्ही टोकांना शून्य!

"त्याच्या आकड्यांनी उजवीकडे शून्य येतच नाही," मॅडम म्हणाल्या. "आकडे उलटे झाले, त्याचा एक गुण जाईल. पण आकृती पाठ केलीय, ते दुखणं मोठं." 8 पैकी 5 दिले आणि लाल शाईनं हिंदीत विचारलं: उजव्या टोकाला शून्य कसं आलं? मोजून दाखव. मोजून दाखवलं की एक गुण परत.

वेळ किती लागतो? "एका पेपरला चार मिनिटं तरी हवीत." चार मिनिटं, 60 पेपर: चार तास. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि नॅक मूल्यांकनाच्या फायलींतून ते काढायचे कुठून? रात्री, घरची कामं उरकल्यावर.

माझ्या मते खरं शिकवणं या चार मिनिटांत होतं, कारण मुलाचं कुठं अडलंय ते इथंच दिसतं.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं माहिती अधिकार कायद्याखाली 2011 सालीच मान्य केला. पण निकालानंतर अर्ज करून हाती आलेल्या पेपरचा उपयोग फार तर गुणांच्या भांडणाला. तो आठवड्याच्या आत, प्रश्नासकट परत मिळायला हवा. त्यासाठी लागणारे चार तास महाविद्यालयांनी प्राध्यापकांच्या वेळापत्रकात कामाचे तास म्हणून धरावेत.