वाट पाहण्याचा हिशेब

हातांतला फोन जुना झाला आहे, बाजारांत नवा आला आहे आणि खिशांत पैसेहि आहेत. मग तो विकत घ्यावा आणि मोकळें व्हावें, यांत विचार करण्यासारखें काय आहे? आपल्याकडच्या श्रोत्याला असा प्रश्न पडणें साहजिक आहे. आपण दुकानांतून हवा तो फोन आणतों, जुन्यांतलें सिम-कार्ड काढून नव्यांत घालतों आणि बोलूं लागतों. परंतु अमेरिकेंत २००७ नंतर कांहीं वर्षें निराळाच प्रकार होता. तेथें माणसें चांगल्या फोनची वाट पाहत बसत, आणि ती वाट कारखान्यापेक्षां दरमहा बिल घेणाऱ्या सेवा-कंपनीच्या मर्जीची असे.

अॅपलचा आयफोन २९ जून २००७ रोजीं विक्रीस आला, तो एकट्या एटी अँड टी कंपनीच्या गिऱ्हाइकांसाठीं. व्हेरायझन ही तिची बलाढ्य प्रतिस्पर्धी; तिचें जाळें अधिक भरंवशाचें, अशी तिची ख्याति. तेव्हां ज्याला बोलणें मध्येंच तुटूं नये असें वाटे तो व्हेरायझनकडे राही, ज्याला आयफोन हवा तो एटी अँड टीकडे जाई, आणि दोन्ही हवीं असणाऱ्यानें स्वस्थ बसावें. व्हेरायझनच्या गिऱ्हाइकांचें हें बसणें १० फेब्रुवारी २०११ रोजीं संपलें. टी-मोबाइलच्या गिऱ्हाइकांना तर एप्रिल २०१३ उजाडावा लागला.

असें कां व्हावें? एक कारण यंत्रविद्येचें आहे. व्हेरायझनचें जाळें सीडीएमए पद्धतीचें होतें. त्या फोनांत काढ-घाल करण्याजोगें कार्ड नसे. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या दप्तरीं नोंदलेला असे, आणि जें यंत्र त्या नोंदींत नाहीं तें कंपनी चालूंच करीत नसे. म्हणजे फोन आपला, पण दाराचा पहारेकरी तिचा.

दुसरें कारण जुन्या वहिवाटीचें. अमेरिकेंत घरचा दूरध्वनीहि कित्येक दशकें कंपनीच्याच मालकीचा असे. गिऱ्हाइकानें तो भाड्यानें वापरावयाचा आणि त्याला परकें कांहीं जोडावयाचें नाहीं. टेक्सासच्या टॉमस कार्टर यांनीं कार्टरफोन नांवाचें एक साधन काढलें. त्याच्या खोबणींत फोनचा रिसीव्हर ठेवला कीं दूरच्या रेडिओवरचा माणूस तारेवरून बोलूं शके. तारेला तारहि जोडावी लागत नसे. तरी कंपनीनें विरोध केला. १९६८ सालीं सरकारी दळणवळण आयोगानें कार्टर यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि घरच्या फोनचें दार उघडलें. खिशांतल्या फोनच्या वेळीं तेंच भांडण पुन्हां उभें राहिलें, एवढेंच.

आतां पैशाकडे वळूं, कारण खरी मेख तेथेंच आहे. २०११ सालीं व्हेरायझनचा १६ जीबीचा आयफोन दोन वर्षांच्या करारावर सुमारें २०० डॉलरना मिळे. कराराविना त्याची किंमत सुमारें ६५० डॉलर होती. हे ४५० डॉलर कंपनी कांहीं दानधर्म म्हणून सोडीत नव्हती. ते २४ महिन्यांवर वांटले तर महिन्याला १९ डॉलरच्या आसपास येतात, आणि दरमहाच्या बिलांतूनच ते वसूल व्हावयाचे. गंमत अशी कीं, करार संपल्यावरहि बिल उतरत नसे. जो गृहस्थ ‘याहून चांगला फोन येईल तेव्हां घेऊं’ म्हणून वर्षभर जुनेंच यंत्र वापरी, तो न घेतलेल्या फोनचे सव्वादोनशे डॉलर भरून मोकळा होई. वाट पाहणें फुकट असतें, ही समजूत येथें साफ चुकीची ठरते. बरें, करार मध्येंच मोडावा तर दंड. व्हेरायझननें स्मार्टफोनसाठीं तो २००९ च्या नोव्हेंबरांत ३५० डॉलरपर्यंत नेला होता.

शिवाय वाट पाहिली म्हणजे ती वस्तु येतेच असें नाहीं. गूगलनें जानेवारी २०१० मध्यें नेक्सस वन हा फोन काढला आणि व्हेरायझनसाठीं तो वसंत ऋतूंत येईल असें सांगितलें. एप्रिल संपतां संपतां कळलें कीं तो येणार नाहीं. त्याऐवजीं एचटीसीचा इन्क्रेडिबल घ्यावा. बदली फोन वाईट नव्हता. पण चार महिने ज्याच्या नांवानें काढले तो नव्हता.

आणि आला तरी वेळ साधेल कशावरून? व्हेरायझननें डिसेंबर २०१० मध्यें चौथ्या पिढीचें वेगवान जाळें सुरू केलें; दोन महिन्यांनीं आलेला आयफोन मात्र तिसऱ्या पिढीचाच होता, आणि त्यावर बोलत असतां त्याच जाळ्यावरून इंटरनेट चालत नसे. आठ महिन्यांत पुढचा आयफोन आला. चौथ्या पिढीचा आयफोन सप्टेंबर २०१२ मध्यें आला, तेव्हां पहिल्या दिवशींच्या गिऱ्हाइकाचा करार संपण्यास पांच महिने उरले होते! मला विचाराल तर, जाळ्याची पिढी बदलत असतां थांबणें शहाणपणाचें. केवळ पडदा मोठा होईल किंवा कॅमेरा सुधारेल म्हणून थांबण्याला अंत नाहीं.

पुढें ही व्यवस्था ढासळली. टी-मोबाइलनें २०१३ मध्यें असे करार बंद केले, व्हेरायझननें २०१५ मध्यें आणि एटी अँड टीनें २०१६ च्या आरंभीं तोच मार्ग धरला. फोनचें कुलूप काढण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क २०१४ च्या कायद्यानें मान्य झाला, आणि व्हेरायझनचें तें सीडीएमए जाळें २०२२ अखेर बंद पडलें. फोनची किंमत आतां बिलांत वेगळी दाखवितात. तथापि ‘फुकट’ फोनची जाहिरात दिसली तर खालचीं बारीक अक्षरें वाचावींत: पुष्कळदां ती सवलत ३६ महिन्यांच्या बिलांतून थोडी थोडी मिळते, आणि मध्येंच कंपनी सोडली तर उरलेली बुडते. तुमचीं मुलें तिकडे असतील तर पुढच्या वेळीं फोनवर त्यांना विचारून पाहा, छत्तिसांपैकीं कितवा महिना चालू आहे.