उभे राहिले की धाप लागते

दौलताबादचा किल्ला चढताना सगळ्यांनाच धाप लागते. थोडे बसले की श्वास पुन्हा सरळ होतो. दम्याच्या किंवा हृदयाच्या रोग्याला बहुधा आडवे झाल्यावर अधिक त्रास होतो. म्हणून तो रात्री उशीला टेकून बसतो. परंतु एक दुर्मीळ आजार याच्या अगदी उलट आहे. यात रोगी झोपला की त्याला बरे वाटते आणि उभा राहिला की दम कोंडतो. अशा रोग्याबद्दल १९४९ साली अमेरिकेतील डॉ. बर्चेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले. आजाराचे नाव मोठे अवघड आहे : प्लॅटिप्निया-ऑर्थोडीऑक्सिया!

असे का होते? औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. तेथे उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर पूर्वी जाते फिरत असे. पाण्याप्रमाणे रक्तालाही पृथ्वी खाली ओढते. आपण उभे राहिलो की फुप्फुसांच्या खालच्या भागात जास्त रक्त येते. निरोगी माणसाला त्याचा त्रास नसतो. पण यकृताच्या काही रोगांत तेथील बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. त्यांतून रक्त घाईने निघून जाते आणि त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

दुसरे कारण हृदयात असते. आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही. म्हणून त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात एक वाट असते. जन्मानंतर ती मिटते. सुमारे चार माणसांपैकी एकाची ती पूर्ण मिटत नाही, तरी बहुतेकांना ते कळतही नाही. क्वचित एखाद्याच्या हृदयाची ठेवण उतारवयात बदलते. मग उभे राहताच अशुद्ध रक्त त्या वाटेने शुद्ध रक्तात मिसळते.

अशा रोग्याला खाटेवर झोपवून तपासले, तर सारे ठीक दिसते. मग घरचे लोक म्हणतात, "हा सोंग करतो." बिचाऱ्याने काय करावे? खरे म्हणजे पहिली तपासणी सोपी आहे. २०२० व २०२१ साली कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघर पोचला. तोच आधी झोपवून आणि मग उभे करून लावायचा. समजा, झोपलेला असताना आकडा ९६ होता आणि उभा राहताच ८५ झाला, तर रोग खरा आहे हे डॉक्टर ओळखतात व पुढील तपासण्या करतात.

हृदयातील वाट बंद करण्यासाठी पुष्कळदा छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि छत्रीसारखी उघडणारी छोटी चकती तेथे बसवतात. त्यानंतर बहुतेक रोग्यांना उभे राहूनही नीट श्वास घेता येतो.