कॉन्टेसाच्या डिकीवरचे स्पीकर : ऐकीव आणि खरं

रत्नागिरीत भाट्याचा पूल ओलांडून सुरूच्या बनाकडे वळलं की सुटीच्या संध्याकाळी एखादी तरी गाडी डिकी उघडी टाकून उभी दिसते. गाण्यापेक्षा पत्र्याची थरथरच जास्त ऐकू येते. गाडी नवी असेल तर तिचं काय ते मालक बघेल. पण ती कॉन्टेसा किंवा प्रीमियर पद्मिनी असली की जीव हळहळतो. मागे स्पीकर बसवायचे म्हणून तिच्या पत्र्याला पाडलेली भोकं आता बुजायची नसतात, आणि एवढं करून आवाज काही सुधारलेला नसतो. यात दोष कुणा एकाचा नाही. गॅरेजपासून कट्ट्यापर्यंत या विषयावर जी माहिती फिरते, तिच्यातली निम्मी ऐकीव असते.

आधी कॉन्टेसाविषयीच्याच एका समजाचं बघू. आपल्याकडे तिला कौतुकाने ‘देशी मसल कार’ म्हणतात. पहिल्या मसल कारचा मान सहसा १९६४ च्या अमेरिकन पाँटिॲक जीटीओला देतात. तिचं इंजिन सुमारे साडेसहा लिटरचं, आठ सिलिंडरचं, तीनशेहून जास्त अश्वशक्तीचं. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ च्या सुमारास आली ती व्हॉक्सहॉल व्हीएक्स या इंग्रजी गाडीचा साचा घेऊन, आणि सुरुवातीला बॉनेटखाली होतं १४८९ सीसीचं, पन्नासेक अश्वशक्तीचं इंजिन. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं तेव्हा तिच्यात जरा जीव आला. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे मसल म्हणावं ते तिच्या अंगकाठीला. लांब नाक, रुंद खांदे, आणि मागच्या काचेखाली ती ऐसपैस फळी. फळी बघितली की सहा बाय नऊ इंचांचे दोन लंबगोल स्पीकर तिथे ठेवायचा मोह होतोच.

‘खरा आवाज मागच्या स्पीकरमधून येतो’

आमच्याकडची सगळ्यात पक्की समजूत ही. गायकाला पाठीमागे आणि श्रोत्याला पुढे तोंड करून बसवल्यासारखं होतं हे. गाण्याचं ध्वनिमुद्रण दोन वाहिन्यांचं असतं, डावी आणि उजवी, आणि ती दोन्ही समोरून ऐकायची म्हणून मिसळलेली असतात. मागचे स्पीकर मोठे आणि पुढचे दुबळे असले की आवाज मानेवर येऊन आदळतो, आणि लता मंगेशकरांचा असो की वसंतराव देशपांड्यांचा, स्वर डिकीतून आल्यासारखा वाटतो.

इतिहास बघितला तर साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत सहसा डॅशबोर्डमध्ये एकच स्पीकर असे. मागचा स्पीकर जादा पैसे भरून घ्यायचा. पाँटिॲकने तर ‘व्हर्बाफोनिक’ नावाची सोय दिली होती. तिच्यात मागचा आवाज किंचित उशिरा आणि घुमून येई, मोठ्या सभागृहात बसल्याचा भास व्हावा म्हणून. म्हणजे मागचा स्पीकर मागच्या सीटवरच्यांची सोय आणि आवाजाला भर म्हणून आला, मुख्य गायक म्हणून नव्हे. आजही पुढे चांगले स्पीकर लावून मागच्यांचा आवाज फेडरने (स्टीरिओवरच्या पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल बदलणाऱ्या सोयीने) कमी ठेवावा, इतका कमी की ते बंद केल्यावरच त्यांची उणीव भासावी.

‘भोक पाडा, स्पीकर ठेवा, झालं’

इथे जरा थांबायला हवं, कारण पैसे वाया जातात ते मुख्यतः इथे. एक साधा प्रयोग करून बघा. सुटा स्पीकर हातात धरून गाणं वाजवा. आवाज पातळ येईल, तबल्याचा डग्गा गायबच. आता जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडून त्यावर तोच स्पीकर दाबून धरा. डग्गा लगेच परत येतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मध्ये आडोसा नसला तर दोन्ही लाटा कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते, तिला चार बोटांची कड म्हणजे अडथळाच नाही. म्हणून खर्ज जातो, वरचे सूर राहतात.

गाडीत हा आडोसा म्हणजे मागची फळी आणि सीटची पाठ. फळीखालच्या पत्र्याला आधीपासून दहा ठिकाणी मोकळ्या जागा असतात, वर असतं ते दाबलेल्या लगद्याचं किंवा हार्डबोर्डाचं पान, आणि सीटच्या पाठीमागे कित्येकदा नुसतं रेक्झिन आणि काथ्या. डिकीतली लाट तिथून सरळ आत येते. एवढी मोठी डिकी स्पीकरला हक्काची पेटी म्हणून मिळालेली असते, पण तिला झाकणच नाही.

उपाय महाग नाही. मूळचं पान काढून जपून ठेवा. त्याचा कागदी साचा काढून १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची नवी फळी कापून घ्या, तिला कडांसकट दोन हात वॉर्निश किंवा रंग द्या, वर जुन्या रंगाशी जुळणारं रेक्झिन. स्पीकर प्लायला बसवायचे, पत्र्याला नव्हे. पत्र्यात मूळची मोकळी जागा असेल तर मॅग्नेट तिच्यातून खाली उतरतो. नसेल तर कमी खोलीचे स्पीकर घ्या किंवा खाली लाकडी कडं घालून स्पीकर उचला. सीटची पाठ काढून पत्र्याच्या मोकळ्या जागा प्लायच्या तुकड्यांनी आणि फोमच्या पट्टीने बंद करा. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली तर मोजके बोल्ट काढले की काम झालं.

डिकीच्या बाजूने स्पीकरला जाळी लावायला विसरू नका. हापूसच्या हंगामात डिकीत पेट्या रचल्या जातात, आणि पेटीचा कोपरा कागदी पडद्याला जे करतो ते कुठल्याही वॉरंटीत बसत नाही.

‘स्टेनलेसचे स्क्रू लावले की गंजाची काळजी नको’

स्क्रू गंजत नाही हे खरं. गंजतो तो त्याच्या भोवतीचा पत्रा. स्क्रू पिळताना रंगाचा थर फाटतो आणि उघड्या लोखंडावर खाडीवरून येणारा खारा वारा बसतो. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही ती जागा ओलीच राहते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि जुन्या गाडीच्या मागच्या काचेचं रबर कडक होऊन गळायला लागलं की पाणी उतरतं ते बरोबर या फळीवर. तेव्हा स्पीकर घेण्याआधी काचेच्या रबरावर पाण्याचा पाईप सोडून बघावा. रबर बदलण्याचा खर्च स्पीकरच्या बजेटात धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पत्रा कापावाच लागला तर कड कानशीने घासून त्यावर झिंक प्रायमर आणि रंग हवाच. थरथर थांबवायला डांबरी शीट चिकटवतात. चांगली गोष्ट आहे, पण गंजक्या किंवा ओल्या पत्र्यावर ती चिकटवली तर आतल्या आत पत्रा खाल्ला जातो आणि वरून काही दिसत नाही. स्पीकर घेतानाही पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कड रबराची बघा. फोमची कड काचेखालच्या उन्हात आणि इथल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते.

‘डब्यावर २०० वॉट लिहिलंय’

लिहिलेलं असतं. स्टीरिओवरही ‘५० वॉट गुणिले ४’ असतं. हा आकडा येतो कुठून, ते बघण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना गाडीचा दाब साधारण १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७, भागिले ४, आले ५२ वॉट. पण एवढी शक्ती मिळते ती आवाज पूर्ण फाटलेला असताना. स्वच्छ सुराच्या लाटेचा हिशोब केला तर सैद्धांतिक कमाल २६ वॉट, आणि सर्किटमधली गळती वजा जाता हातात राहतात वीसच्या आत-बाहेर. खरेदी करताना ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा विचारा, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे संवेदनशीलता, डेसिबलमध्ये छापलेली. तीन डेसिबल जादा म्हणजे निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज. ९२ डेसिबलचा साधा स्पीकर ८६ डेसिबलच्या भारी स्पीकरपेक्षा चौपट कमी वॉट मागतो. जुन्या गाडीला, वेगळा ॲम्प्लिफायर न लावता, असाच स्पीकर सोयीचा.

‘एक वायर ओढा, दुसरी बॉडीला’

दिव्याला हे चालतं, कारण गाडीचा पत्रा ही परतीची वायरच असते. जुन्या रेडिओतही स्पीकरचं एक टोक पुष्कळदा बॉडीला असे, म्हणून जुन्या वायरमनला ही सवय. आजच्या स्टीरिओत मात्र स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. एक जरी पत्र्याला टेकली तर आतली चिप जळू शकते. प्रत्येक स्पीकरला स्टीरिओपासून स्वतःच्या दोन वायरी, पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट, आणि मूळच्या वायरिंगला हात न लावता बॅटरीजवळ वेगळा फ्यूज, हे एवढं हट्टाने करून घ्या. पन्नासच्या दशकातली लँडमास्टर किंवा मॉरिस असेल तर आणखी सावध राहा. ब्रिटिश घराण्याच्या त्या गाड्यांत बहुधा बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, आणि आजचा स्टीरिओ तसाच जोडला तर पहिल्याच क्षणी धूर निघू शकतो.

दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस एकसारखे जोडले नाहीत तरी खर्ज पळतो. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उडाला तर सेलचा प्लस लागलेलं टोक प्लस.

बॅटरी मात्र उगाच बदनाम आहे. साध्या आवाजाला स्टीरिओ आणि स्पीकर फार वीज खात नाहीत. बॅटरी उतरते ती इंजिन बंद ठेवून किनाऱ्यावर दोन-दोन तास गाणी लावल्यामुळे, किंवा स्टीरिओची चालू-बंद करणारी वायर किल्लीला न जोडता थेट जोडल्यामुळे.

कायद्याचं थोडं

‘जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, तिला हात लावला की नोंदणी जाते’ हेही अर्धवट. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी, जिच्या चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नाही अशी. १९८४ ची कॉन्टेसाही २०३४ पर्यंत त्यात बसत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी मात्र बसू शकते, आणि तिच्या बॉडीला ग्राइंडर लावण्याचा मोह तिच्या मालकाने टाळलेलाच बरा. आवाजाच्या बाबतीत, सार्वजनिक जागी रात्री दहा ते सकाळी सहा मोठ्याने वाजवायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे, मग स्पीकर मंडपातला असो की डिकीतला.

पैसे बेताचे असतील तर या वर्षी पुढचे दोन चांगले घ्या, मागचे पुढच्या दिवाळीला. आणि बसवणारा ड्रिल घेऊन डिकीत शिरू लागला तर त्याला थांबवा, आधी सीटची पाठ काढायला लावा आणि फळीखालचा पत्रा स्वतः वाकून बघा.