पडद्यावरची चूल किती पेटवावी?

संगणकाच्या पडद्यावर एक इवलासा माणूस शेकोटीपुढे उभा असतो. त्याच्या पिशवीत अठ्ठावीस कच्चे मासे असतात. एकेक मासा विस्तवावर जातो, कधी खरपूस भाजून निघतो, कधी करपून काळा पडतो. अठ्ठावीस संपले की माणूस बँकेकडे धावतो, भाजलेले मासे ठेवतो, कच्चे उचलतो आणि पुन्हा शेकोटीपाशी येतो. हा क्रम तासन् तास चालतो. घरातली वडीलधारी मंडळी हे पाहतात आणि साहजिकच विचारतात, ‘यातून मिळते तरी काय?’ गंमत अशी, की खुद्द खेळणाऱ्याच्या मनातही नेमका हाच प्रश्न असतो. पाककौशल्य वाढवण्यात घातलेला वेळ सार्थकी लागतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ‘रूनस्केप’सारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. इंग्लंडमधील केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा खेळ जानेवारी २००१ मध्ये महाजालावर आला. कालांतराने तो इतका बदलला, की जुन्या खेळाडूंच्या आग्रहाखातर कंपनीने ऑगस्ट २००७ मधील त्याची जुनी आवृत्ती २०१३ साली ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या नावाने वेगळी सुरू केली. २०१८ पासून ती मोबाइलवरही खेळता येते. पुढील सारे विवेचन या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीला धरून आहे.

या खेळात लढाईच्या जोडीने मासेमारी, लाकूडतोड, खाणकाम अशी अनेक कौशल्ये आहेत. प्रत्येक कौशल्य पहिल्या पातळीपासून नव्व्याण्णवाव्या पातळीपर्यंत वाढवता येते. पाककौशल्य त्यांपैकीच एक. कोणताही पदार्थ नीट शिजला की ठरावीक अनुभवगुण जमा होतात. करपला तर काहीच मिळत नाही, मासा मात्र वाया जातो.

अन्न म्हणजे प्राण

या दुनियेत अन्न हे चवीसाठी नसते, ते जीव वाचवण्यासाठी असते. लढाईत घाव बसले की प्राणगुण घटतात आणि खाल्ले की भरून येतात. पहिल्याच पातळीवर शिजवता येणारी कोळंबी तीन गुण परत देते. पंधराव्या पातळीवरचा ट्राउट सात देतो. चाळिसाव्या पातळीवर लॉब्स्टर, म्हणजे आपल्या शेवंडीचा विलायती भाऊबंद, भाजता येतो. तो बारा गुण देतो. ऐंशीव्या पातळीवर शार्क, म्हणजे आपली मुशी. ती वीस गुण देते. खेळाडूचे प्राणगुण फार तर नव्व्याण्णव असतात आणि पिशवीत जागा अठ्ठावीसच. त्यामुळे मोठ्या राक्षसाशी झुंजताना पिशवीत कोळंबी आहे की मुशी, यावर जगणे-मरणे ठरते.

इथवर ऐकले, तर पाककौशल्य अत्यावश्यक वाटेल. पण मेख पुढेच आहे. शिजवायला पातळी लागते, खायला मात्र लागत नाही! ज्याला अंडेही उकडता येत नाही, असा खेळाडूही बाजारातून शिजवलेली मुशी विकत घेऊन खाऊ शकतो. ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची सार्वजनिक बाजारपेठ या आवृत्तीत २०१५ पासून आहे. मागणी नोंदवावी, नाणी भरावीत, माल घ्यावा. मग स्वतः चुलीपाशी उभे कशाला राहायचे?

चार आण्याची कोंबडी

‘कच्चे विकत घ्यावे, शिजवून महाग विकावे, त्यातून कमाई करावी’, असे उत्तर कोणी देईल. व्यवहार मात्र इतका सरळ नाही. काही माशांच्या बाबतीत कच्च्या मालाचा भाव अनेकदा शिजवलेल्या मालाएवढाच असतो, क्वचित त्याहूनही अधिक. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कच्चा मासा घेणारे बरेचजण नफ्यासाठी घेतच नाहीत. त्यांना अनुभवगुण हवे असतात. गुणांसाठी ते तोटाही पत्करतात आणि शिजलेले मासे उपउत्पादन म्हणून बाजारात ओततात. परिणामी चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. द्राक्षांपासून मद्य करणे हा अनुभवगुण मिळवण्याचा फार वेगवान मार्ग आहे, एका बुधल्याला दोनशे गुण मिळतात. पण त्यातही सहसा पदरचे पैसेच जातात. श्रीमंत होण्यासाठी पाककौशल्य शिकणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

मग पाककौशल्य निरर्थक आहे काय? तसेही नाही. त्याचे खरे मोल बाजारात नसून एका विशिष्ट दारापाशी आहे.

सत्तराव्या पातळीचे दार

नवा खेळाडू लंब्रिज नावाच्या गावात खेळ सुरू करतो. तिथल्या किल्ल्यातला आचारी त्याला अगदी साधे काम सांगतो. वाढदिवसाच्या केकसाठी अंडे, दूध आणि पीठ आणून द्यायचे. त्याबद्दल तीनशे अनुभवगुण मिळतात. बहुतेकांची पहिली मोहीम हीच.

पुढे हाच आचारी एका मोठ्या मोहिमेचा सूत्रधार म्हणून भेटतो. ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ ही मोहीम मार्च २००६ मध्ये खेळात आली. मेजवानीला जमलेल्या पाहुण्यांवर एक दुष्ट मांत्रिक हल्ला करतो, काळ थिजवला जातो आणि प्रत्येक पाहुण्याला त्याच्या आवडीचा पदार्थ भरवून सोडवावे लागते. ती पुरी करण्यासाठी पाककौशल्याची सत्तरावी पातळी लागते. बक्षीस म्हणून ‘बॅरोज’ हातमोजे घेण्याचा अधिकार मिळतो. लढाईच्या विविध प्रकारांत उपयोगी पडणारे इतके चांगले हातमोजे खेळात फार थोडे आहेत आणि ते बाजारात विकत मिळत नाहीत. नाण्यांनी न उघडणारे हे दार चुलीपाशी उभे राहिल्यानेच उघडते.

या दारापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? चाळिसाव्या पातळीसाठी ३७,२२४ अनुभवगुण हवेत. कोळंबी, ट्राउट आणि सामन असे टप्प्याटप्प्याने भाजत गेल्यास, करपलेले सोडून, पाचशेच्या आत मासे पुरतात. चाळीस ते सत्तर या प्रवासाला आणखी सुमारे सात लाख गुण लागतात. एका लॉब्स्टरचे १२० गुण, म्हणजे ५,८३७ लॉब्स्टर. एक मासा भाजायला अडीच सेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. बँकेच्या फेऱ्या धरून तासाला तेराशेच्या आसपास मासे होतात. एकंदर हिशेब पाच तासांचा. कच्चा माल विकत घेतलेला आहे, हे यात गृहीत आहे. पाच तासांत असे हातमोजे मिळवण्याची एक महत्त्वाची अट पूर्ण होत असेल, तर हा सौदा वाईट म्हणता येणार नाही.

सत्तरनंतरचा चढ

खरी परीक्षा इथून पुढे आहे. सत्तराव्या पातळीसाठी ७,३७,६२७ गुण लागतात, तर नव्व्याण्णवाव्यासाठी १,३०,३४,४३१. अंकांवरून सत्तर ही जवळजवळ तीन चतुर्थांश मजल वाटते. प्रत्यक्षात ती सहा टक्क्यांहूनही कमी असते! प्रत्येक पातळी आधीच्या पातळीहून साधारण दहा टक्के अधिक कष्ट मागते आणि दर सात पातळ्यांमागे एकूण गुण जवळपास दुप्पट होतात. म्हणूनच ब्याण्णवावी पातळी गाठणारा खेळाडू ‘आता सातच उरल्या’ म्हणून खुश होतो, तेव्हा तो वाटेच्या जेमतेम मध्यावर असतो.

ऐंशी ते नव्व्याण्णव हे अंतर केवळ मुशी भाजून तोडायचे म्हटल्यास ५२,६१२ मुशी नीट भाजाव्या लागतात. वरच्याच वेगाने हे चाळीस तास झाले, म्हणजे नोकरदाराचा पुरा आठवडा. करपलेल्या माशांचा वेळ निराळा. एका मोहिमेतून मिळणारे स्वयंपाकाचे खास हातमोजे घातले, तर करपण्याचे प्रमाण घटते. तरीही मुशी करपणे पूर्णपणे थांबायला चौऱ्याण्णवावी पातळी उजाडते. शेवटी नव्व्याण्णव गाठल्यावर ९९,००० नाणी मोजून एक मानाचा झगा घेता येतो. तो अंगावर असेपर्यंत कोणताही पदार्थ करपत नाही. साठ हजारांहून अधिक मासे भाजून झाल्यावर मिळालेला हा वर नशिबाची थट्टाच म्हणायचा.

कोणी किती शिजवावे?

एका वर्गासाठी मात्र हा सारा हिशेब उलटतो. २०१४ पासून या खेळात ‘आयर्नमॅन’ नावाचा प्रकार आहे. तो पत्करणाऱ्याला इतरांशी देवघेव करता येत नाही. लागेल ते स्वतःच मिळवावे लागते. मासा स्वतः पकडायचा आणि स्वतःच भाजायचा. बाजाराची वाट बंद झाली, की पाककौशल्य ही चैन राहत नाही. तो योगक्षेमाचा भाग होतो. अशा खेळाडूला ऐंशीवी पातळी अनाठायी वाटणार नाही.

इतर खेळांतही निकष हाच लावावा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खाण्याने काही काळ अंगी जादा बळ येते आणि पाककला हा मुख्य दोन व्यवसायांची जागा न अडवणारा दुय्यम व्यवसाय आहे. तिथेही प्रश्न तेच विचारायचे. हे अन्न विकत मिळते का? कौशल्यावाचून न उघडणारे दार कोणते? त्या दारापर्यंत तास किती?

सर्वसाधारण खेळाडूने सत्तराव्या पातळीवर थांबावे, हे या हिशेबाचे सार. ताकापुरते रामायण म्हणून आपण ज्याला हसतो, ते इथे शहाणपणाचे ठरते. त्यापुढे जायचे, तर ते आवडीपोटी जावे, फायद्यासाठी नव्हे. मासे भाजताना फारसे लक्ष लागत नाही, एकीकडे गाणी ऐकता येतात, मित्रांशी गप्पा मारता येतात, आणि कित्येकांना ही संथ लय दिवसभराच्या दगदगीवर उतारा वाटते. त्यात गैर काहीच नाही. मात्र अर्धवट लक्ष देऊन घालवलेला तासही पुरा साठ मिनिटांचाच असतो.

खेळातली नाणी पुन्हा मिळवता येतात, करपलेल्या माशाच्या जागी दुसरा मासा आणता येतो. त्या शेकोटीत परत न मिळणारे सरपण एकच जळत असते, ते म्हणजे खेळणाऱ्याचा वेळ. ‘यातून मिळते काय?’ असे घरच्यांनी विचारले, तर उत्तर अवश्य द्यावे. पण त्याआधी ‘यात जाते किती?’ हे स्वतःशी मोजून ठेवावे.