गुडघ्यातली गादी

‘गुडघ्यातलं तेल संपलं’ असं म्हणत कितीतरी जणी चालणंच सोडून देतात. आज त्याबद्दल बोलू या.

संपतं ते तेल नव्हे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर असतो. मटणाच्या हाडाच्या टोकाला पांढरं, चकचकीत आवरण बघितलं असेल ना, तेच ते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झालेली इजा नीट भरून येत नाही. दुखण्याची जाणीव देणारे तंतूही नसतात, त्यामुळे झीज गुपचूप सुरू होते. मग रक्त नाही तर तिला अन्न कुठून? सांध्यातल्या पाण्यातून. पाय टेकला की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की पाणी शोषते. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर खाटेवर बसलं की तिची उपासमार होते. वर मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यावर येतो.

म्हणून खुर्चीत बसा, एक पाय सरळ करा, दहा अंक मोजा, सावकाश खाली आणा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. उकिडवं बसून भांडी घासणं मात्र बंद. घरच्यांनी तेवढी ओट्यावर सोय करून द्यावी! वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

पण सकाळी बोटं तासभर आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो तिशीतही होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तिथे नुसत्या व्यायामावर राहू नका. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात.

बिननावाच्या पुड्यांपासून जपा. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत आराम पडतो, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. दुखण्याच्या गोळ्याही मनाने रोज घेऊ नका, मूत्रपिंडावर बेतते.

झीज फारच झाली, रात्रीची झोपही उडाली, तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया असते. 2017 पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला सरकारने मर्यादा घातली आहे. बिलात त्याची किंमत वेगळी लिहून मागा.